सॅमनचं चक्र शिकवताय ना, मग ते कुठे तुटलंय तेही शिकवा

सिएटलच्या आसपासच्या बऱ्याच शाळांमध्ये, आणि वर कॅनडात ब्रिटिश कोलंबियातही, हिवाळ्यात वर्गात एक टाकी येते. चिलर लावलेली, बाहेरून फोमच्या जाड फळ्यांनी झाकलेली, कारण सॅमन माशाच्या अंड्यांना उजेड चालत नाही आणि पाणी कायम गार लागतं. हॅचरीतून, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातून, अंडी येतात, वाटाण्याएवढी, नारिंगी, प्रत्येकात दोन काळे ठिपके, ते डोळे. मुलं रोज पाण्याचं तापमान बघून वहीत लिहितात आणि बेरीज करत जातात, कारण अंडं कधी फुटणार ते पाणी किती दिवस किती अंशावर होतं यावर ठरतं, म्हणजे दहा अंशाच्या पाण्यात ज्याला पन्नासेक दिवस लागतील त्यालाच पाच अंशाच्या पाण्यात दुपटीच्या जवळपास लागतात. मग पिल्लं बाहेर येतात, पोटाखाली बलकाची पिशवी लोंबत असते, काही आठवडे ती त्याच्यावरच जगतात, हळूहळू पिशवी आत जाते आणि पोटाची फट शिवण घातल्यासारखी मिटते, त्याला इथे सगळे 'बटन-अप झालं' म्हणतात. आणि मग पिल्लू वर येऊन हवेचा पहिला घोट घेतं आणि पोहायला लागतं. वसंतात सगळा वर्ग ओढ्यावर जातो, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा कप, कपात एक पिल्लू, सोडतात, बाय बाय करतात, फोटो होतात.

हा उपक्रम मला मनापासून आवडतो, पालक म्हणून मी त्यात मदतही करते, आणि तो बंद व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. पण टाकीच्या मागे भिंतीवर जो पोस्टर असतो ना, गोल काढलेला, अंडं, बलकवालं पिल्लू, मग पोहायला लागलेलं फ्राय, मग समुद्राकडे निघालेला स्मोल्ट, मग मोठा मासा, मग अंडी घालायला परत आलेला लालभडक मासा आणि बाण फिरून पुन्हा अंड्याकडे, त्या पोस्टरवर माझा आक्षेप आहे. त्या गोलात कुठेही धरण नाही, रस्त्याखालची मोरी नाही, गाडीचं टायर नाही, करार नाही, कोर्ट नाही. मुलाला वाटतं हे चक्र आपोआप फिरतंय आणि आपण कपातून पिल्लू सोडून त्याला हातभार लावला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्या चुकीच्या आहेत हे आपल्या मोठ्यांना माहीत आहे, तरी आपण तसंच शिकवतो.

आधी त्या कपाचा हिशोब करू, कारण तो मुलांनाही सहज जमतो. कोहो जातीची एक मादी अडीच-तीन हजार अंडी घालते. ओढ्यातले मासे आहेत तेवढेच राहायला त्यातले किती मोठे होऊन परत यायला हवेत? दोन. एक नर, एक मादी. दोनाच्या वर आले तर संख्या वाढली, दोनाच्या खाली आले तर कमी झाली. म्हणजे हजारो अंडी जाणारच असतात, कोणाच्या तरी पोटात, पुरात, गाळाखाली, आणि हे असंच असतं, यात वाईट काही नाही. आता वर्गाने सोडलेली दोनशे पिल्लं घ्या, त्यातून परत येणार एखाद-दुसरा, तोही सगळं नीट घडलं तर. म्हणजे ही टाकी म्हणजे काही संवर्धन नाही, ती शिकवायची गोष्ट आहे, आणि शिकवायची गोष्ट असेल तर तिच्यातून मूल काय शिकलं हाच एक प्रश्न उरतो. मासे कमी झाले की पाळून सोडायचे, एवढंच जर ते शिकलं असेल तर इथल्या मोठ्या माणसांनी दीडशे वर्षं जी समजूत उराशी बाळगली तीच आपण पुढच्या पिढीला देतोय.

दीडशे वर्षं मी उगाच म्हणत नाहीये. कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर सरकारने सॅमनची हॅचरी काढली ती १८७२ मध्ये. तेव्हापासून ठरून गेलं की नदी बिघडली तरी चालेल, मासे आपण बनवू. वॉशिंग्टनमध्ये कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण बांधलं, १९४२ मध्ये ते पूर्ण झालं, त्याला माशांना वर चढायला जिनासुद्धा ठेवला नाही, वरचा सगळा नदीचा भाग, थेट कॅनडापर्यंतचा, सॅमनला कायमचा बंद. धरणाचं पाणी चढायच्या आधी १९४० मध्ये केटल फॉल्सला इथल्या मूळ रहिवाशांच्या वेगवेगळ्या जमातींचे लोक जमले आणि त्यांनी तिथल्या सॅमनचा निरोप घेतला, अश्रूंचा समारंभ असंच त्याचं नाव आहे. आणि बदल्यात काय, तर खाली हॅचऱ्या. आता हॅचऱ्या वाईटच असंही मी म्हणणार नाही, आज त्या नसतील तर कित्येक जमातींना जाळ्यात लागायला मासाच उरणार नाही, आणि आयडाहोच्या रेडफिश लेकमध्ये १९९२ साली समुद्रातून सॉकाय जातीचा फक्त एक सॅमन परत आला होता, एकच नर, लोकांनी त्याचं नाव लोनसम लॅरी ठेवलं, तो वंश टिकला तो माणसांनी टाक्यांमध्ये जपला म्हणूनच. पण तो अतिदक्षता विभाग झाला, तिथे कुणी कायमचं राहत नाही. सिएटलला लागून असलेल्या प्यूजेट साउंड या खाडीत एवढ्या हॅचऱ्या असूनही तिथला चिनूक जातीचा सॅमन १९९९ पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे आणि अजून त्यातून बाहेर आलेला नाही, आणि त्या चिनूकवर जगणारे इथले ओर्का देवमासे, ते सत्तरेक उरलेत. मुलांना ओर्का फार आवडतो, प्रत्येकाच्या टीशर्टवर असतो. त्याचं जेवण कुठे अडलंय ते मात्र कोणी सांगत नाही.

मला विचाराल तर पाचवीच्या मुलांना शिकवायला टायरच्या गोष्टीसारखी गोष्ट नाही. वेस्ट सिएटलमध्ये लाँगफेलो क्रीक नावाचा ओढा आहे, वस्तीतून जातो. अशा ओढ्यांवर लोकांनी खूप पैसा आणि कष्ट घालून काठ नीट केले, झाडं लावली, आणि मासे आलेही. पण २००० च्या आसपास लक्षात यायला लागलं की शरदातला पहिला मोठा पाऊस पडला की कोहो वेडेवाकडे पोहायला लागतात, पाण्याच्या वर तोंड काढून गोल गोल फिरतात, आणि काही तासांत मरतात. माद्या चिरून बघितल्या तर पोटात सगळी अंडी तशीच. म्हणजे समुद्रातून एवढा प्रवास करून मादी आली, घरच्या ओढ्यात शिरली, आणि अंडी घालायच्या आधी मेली. कित्येक वर्षं कारण सापडेना. रोग बघितला, ऑक्सिजन बघितला, तापमान बघितलं, कीटकनाशकं बघितली. शेवटी वॉशिंग्टनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यातली रसायनं एकेक करून वेगळी काढली, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की टायरमधून येतंय. टायरला हवेतल्या ओझोनने चिरा पडू नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, ते ओझोनशी लागलं की त्याचं क्विनोन बनतं, टायर झिजतं, त्याची भुकटी रस्त्यावर पडते, पाऊस आला की गटारातून ओढ्यात. आणि कोहोला त्याचा इतका थोडा अंश पुरतो की ऐकून अंगावर काटा येतो. त्याच ओढ्यात, त्याच पाण्यात, चम जातीचा सॅमन मात्र जगतो.

या एका गोष्टीत किती विषय आहेत बघा, रसायनशास्त्र आहे, पाऊस कुठून कुठे जातो ते आहे, एक जात मरते आणि दुसरी का जगते हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे, आणि संशोधन म्हणजे नक्की काय असतं, की वर्षानुवर्षं उत्तर सापडत नाही आणि तरी शोधत राहायचं, तेही आहे. शिवाय उपायही आहे, कारण तेच घाण पाणी वाळू, माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून काढलं तर त्यात कोहो जगतात हे प्रयोगात दिसलंय. म्हणजे शाळेच्या पार्किंगच्या कडेला पाणी मुरवायची एक बाग केली तर तिचा खरंच उपयोग आहे, ती नुसती शोभेची नाही. मुलांना पावसाच्या दिवशी रेनकोट घालून बाहेर न्या, पार्किंगमधलं पाणी कुठल्या जाळीत जातंय ते बघायला लावा, ती जाळी कुठे निघते ते शहराच्या नकाशात शोधायला लावा. बहुतेक ठिकाणी ते पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात जातं. मुलांना सोडायला सकाळी गाड्यांची जी रांग लागते त्या रांगेत आपण सगळे असतो, मी पण असते, आपली मराठी मंडळी तर झाडून सगळी असतात, आणि त्या रांगेखालून हेच पाणी जातंय.

इथे मला हमखास सांगितलं जातं की एवढ्या लहान मुलांना हे सांगितलं तर ती घाबरतील, दुःखी होतील, त्यांना अपराधी वाटेल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, दुसरीतल्या मुलाच्या डोक्यावर हवामानाचं आणि प्रजाती संपण्याचं ओझं टाकणं बरोबर नाही हे मलाही मान्य आहे. पण माझा अनुभव असा की मुलांपेक्षा आपणच जास्त घाबरतो. टाकीतली काही अंडी मरतात, पांढरी पडतात, त्यांच्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरू नये म्हणून काढावी लागतात. एका शाळेत मी बघितलंय, मुलं यायच्या आधी मोठी माणसं ती अंडी गुपचूप काढून टाकायची आणि पाटीवरचा आकडा बदलायचाच नाही. का? मुलांनाच काढू द्या की, मोजू द्या, तारीख घालून लिहू द्या.

आणि नोव्हेंबरात सिएटलच्या कार्कीक पार्कमध्ये पायपर्स क्रीकवर जा एकदा, पोरांना घेऊन. चम परत आलेले असतात, अंगावर जांभळट पट्टे, पाणी घोट्याएवढं आणि मासा हातभर लांब, पाठ पाण्याच्या बाहेर. मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवते, खड्डा करते, त्यात अंडी घालते, वर जाऊन परत खडी उडवून झाकते. खड्डे करून करून तिची शेपटी झिजून पांढरी झालेली असते. आणि काठावर मेलेले मासे, अर्धे कोणीतरी खाल्लेले, वास सुटलेला. मोठी माणसं नाक धरून मागे होतात. मुलं पुढे जातात, उकिडवी बसतात, काडीने दात बघतात आणि प्रश्न विचारतात, हिला बाळं दिसणार नाहीत का, मग त्यांना खायला कोण देणार. याचं उत्तर सरळ आहे आणि सुंदर आहे, तीच देणार. पॅसिफिकमधले हे सॅमन अंडी घातली की मरतात, त्यांच्या शरीरावर पाण्यातले किडे वाढतात, ते किडे पिल्लं खातात, अस्वलं मासे उचलून जंगलात नेतात आणि समुद्रातला नायट्रोजन झाडांच्या खोडात सापडतो, ब्रिटिश कोलंबियात शास्त्रज्ञांनी झाडांच्या वर्षवलयांमध्ये तो मोजलाय. हे मरण चक्राचाच भाग आहे. पोटात अंडी तशीच घेऊन मेलेली लाँगफेलो क्रीकमधली मादी, ते मरण चक्राचा भाग नाही. हा फरक आठ वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो, फक्त दोन्ही त्याच्यासमोर यायला हवीत.

दुसरा आक्षेप येतो तो राजकारणाचा. विज्ञानाच्या तासाला धरणं, करार, कोर्टकचेऱ्या कशाला. मला हे पटतच नाही, कारण वॉशिंग्टन राज्यात आज ओढ्यांमध्ये मासे आहेत यात जीवशास्त्राएवढाच कायद्याचा वाटा आहे. १८५४-५५ मध्ये इथल्या जमातींनी सरकारला जमिनी दिल्या आणि करारात एक हक्क राखून ठेवला, आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा. पुढे राज्याने तो हक्क मानलाच नाही, मासे धरले म्हणून माणसांना अटक करत राहिले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते, साल १९४५, आणि पुढे पन्नासहून जास्त वेळा झाली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा. आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला, जो मुलांनाही सुचेल, की मासा धरायचा हक्क आहे पण ओढ्यात मासाच येऊ दिला नाही तर त्या हक्काचं करायचं काय?

म्हणजे मोऱ्या. रस्त्याखालून ओढा न्यायला पाइप टाकतात, कालांतराने पाइपाच्या तोंडाखालची माती वाहून जाते आणि पाइप हवेत लटकतो, मासा उडी मारून मारून दमतो आणि खालीच राहतो. वर मैलोन्मैल चांगला ओढा रिकामा. जमातींनी यावर राज्याला कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये कोर्टाने मोऱ्या बदला असा आदेश दिला, राज्य सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे जून २०१८ मध्ये मतं चार विरुद्ध चार पडली आणि खालचा निकाल कायम राहिला. तेव्हापासून राज्य अब्जावधी डॉलर खर्चून मोऱ्या बदलतंय. हायवेवर महिनोन्महिने डायव्हर्जन असतं आणि आपण गाडीत बसून वैतागतो, त्यातली कित्येक कामं याचीच असतात. मागच्या सीटवर बसलेल्या पोराला शाळेत सॅमनची सगळी नावं पाठ असतात पण समोर खणलेला खड्डा त्याच माशासाठी आहे हे त्याला माहीत नसतं. यात मुलाची काहीच चूक नाही. राज्यात २०१५ पासून जमातींचा इतिहास शिकवणं शाळांना बंधनकारक आहे, आणि टाकीही वर्गात आहे, पण सॅमन विज्ञानात आणि करार समाजशास्त्रात, दोन्हींच्या मध्ये कित्येक महिने, आणि दोन्ही शिकवणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं याला वेळापत्रकात जागाच नाही.

राजकारण नको म्हणणाऱ्यांना मी अजून एक सांगेन, तुटलेलं शिकवलं तरच दुरुस्त झालेलं शिकवता येतं. वॉशिंग्टनमधल्याच एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ ची दोन धरणं होती, २०११ ते २०१४ मध्ये ती पाडली, आणि २०२३ मध्ये लोअर एल्व्हा क्लालम जमातीने आपल्या नदीत पुन्हा कोहो धरले. ओरेगनमधून कॅलिफोर्नियात जाणाऱ्या क्लॅमथ नदीवर २००२ च्या सप्टेंबरात गरम, उथळ पाण्यात रोग पसरून हजारो सॅमन काठाला लागले, काठावर राहणाऱ्या युरोक आणि कारुक लोकांनी तिथून जो लढा उभा केला त्याला वीस वर्षांहून जास्त लागली, पण २०२४ मध्ये तिथली चार धरणं गेली आणि काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, चिनूक ओरेगनच्या हद्दीत जुन्या धरणांच्या वर पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा. कोणी त्यांना तिथे नेऊन सोडलं नव्हतं. ज्यांनी २००२ मध्ये मुलं असताना मेलेले मासे बघितले ते धरणं पडताना बाप्ये-बाया झालेले होते. मुलाला आशा द्यायची असेल तर ही द्या, कपातल्या पिल्लापेक्षा ही खूप मोठी आहे आणि ही खरी घडलेली आहे.

तर मला नक्की काय हवंय. टाकी राहू दे. पण दुसरीच्या मुलांनी वसंतात सोडलेली कोहोची पिल्लं वर्षभर ओढ्यात राहतात, मग समुद्रात जातात, दीडेक वर्ष तिथे काढतात, आणि परत येतात तेव्हा तीच मुलं पाचवीत असतात. आज काय होतं, पिल्लं सोडली की टाकी धुवून कपाटात जाते आणि दुसरीतल्या त्या मुलांचा सॅमनशी संबंध संपतो. त्याऐवजी शाळेने जवळचा एक ओढा धरावा आणि सोडूच नये. दुसरीत अंडी आणि बेरीज, तिसरी-चौथीत तोच ओढा उगमापासून तोंडापर्यंत चालायचा, वाटेतल्या मोऱ्या मोजायच्या, कुठली लटकतेय ते लिहायचं, पाचवीच्या नोव्हेंबरात परत काठावर जायचं आणि किती आले, आलेल्यांपैकी किती माद्यांनी अंडी घातली होती ते बघायचं, जमातीच्या मत्स्यविभागातल्या माणसाला बोलवायचं, आणि मोरी लटकत असेल तर मुलांनी स्वतः काढलेला नकाशा घेऊन सिटी कौन्सिलच्या बैठकीत उभं राहायचं, तिथे दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात, पाचवीच्या मुलाला तेवढी पुरतात. एकही मासा आला नाही तर तेही लिहायचं, तारखेसकट, आणि पुढच्या वर्षीच्या पाचवीला ती वही द्यायची.

याला चिलरएवढाही खर्च नाही. नोव्हेंबरातली एक बस लागते, पावसात भिजायची तयारी लागते, आणि विज्ञानाच्या आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना एकत्र बसायला वर्षातून एक दुपार मोकळी करून द्यावी लागते. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, पुढच्या बैठकीत पिल्लं सोडायच्या दिवसाच्या टीशर्टसाठी पैसे मागायचं ठरतंय, मी ते बसला द्या म्हणून सांगणार आहे, आणि ज्यांची मुलं इथल्या शाळांमध्ये आहेत त्यांनी आपापल्या शाळेत हेच मागावं.